मालक की विश्वस्त? : गल्ल्यावरचे तीन निर्णय

प्रार्थना, ध्यान, सेवा यांसाठी आपण आवर्जून वेळ काढतो. पण दिवसाचे आठ-दहा तास आपण दुकानात, कार्यालयात किंवा कारखान्यात असतो. तिथे घेतलेले निर्णय साधनेच्या बाहेरचे कसे असतील? या पाठात तीन साध्या निर्णयांचा विचार करू या.

१. हा खर्च कोणाचा?

पुस्तपालनाचा पहिला धडा सांगतो की धंदा वेगळा आणि मालक वेगळा. घरासाठी गल्ल्यातून घेतलेले पैसे हा धंद्याचा खर्च नव्हे, ती मालकाची ‘उचल’. घरच्या गाडीचे पेट्रोल दुकानाच्या खर्चात लिहिले, तर नफा खोटाच कमी दिसतो. मग भागीदाराचा वाटा कमी होतो, सरकारचा कर बुडतो आणि ‘यंदा फार काही उरले नाही’ असे कामगाराला सांगणे सोपे जाते. वहीतली एक ओळ किती जणांच्या ताटापर्यंत पोहोचते पाहा.

२. हे माझे म्हणजे किती माझे?

ताळेबंदात मालकाचे भांडवल ‘देणी’ बाजूला का लिहितात, हा प्रश्न मला शिकताना पडला होता. उत्तर असे, की धंदा ते पैसे मालकाला देणे लागतो. त्याच बाजूला माल देणारे आणि बँकही असतात. सगळ्यांची देणी फिटल्यावर उरेल ते मालकाचे, म्हणजे रांगेत तो शेवटचा. गांधीजींनी मांडलेला विश्वस्ताचा विचार इथे सहज समजतो. संपत्ती हातात आहे ती सांभाळण्यासाठी.

व्यवहारात मात्र आपण रांग मोडतो. स्वतःची उचल वेळेवर आणि लहान कारागिराचे बिल ‘पुढच्या महिन्यात’. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, करारात मुदत ठरली असली तरी, जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. मुदत ठरलीच नसेल तर 15 दिवसांत. कायदा धाकाने जे करवून घेतो, ते साधकाने आपणहून करावे.

३. नुकसान कोणाच्या माथी?

सुट्टीत मी मामांच्या काच-प्लायवूडच्या दुकानात हिशेब लिहायला बसत असे. एकदा टेम्पोत चढवताना मोठी काच फुटली. मामा म्हणाले, “चौदाशे रुपये त्याच्या पगारातून काप.” मी विचारले, “मामा, एवढी काच एकट्याने उचलायची असते का?” ते गप्प झाले. दुसऱ्या माणसाची हमाली वाचवायला त्यांनीच त्याला एकट्याला पाठवले होते. वाचलेले पैसे दुकानाचे आणि फुटलेली काच कामगाराची, असा तो हिशेब होता.

2019 ची वेतन संहिताही सांगते की नुकसान थेट कामगाराच्या हयगयीमुळे झाले असेल तरच कपात करता येते, आणि तीही त्याला बाजू मांडायची संधी दिल्यावर. मामांनी संध्याकाळी त्याला बोलावून सगळे ऐकून घेतले. काच दुकानाच्या तोट्यात लिहिली. त्या दिवसापासून मोठी काच दोघांनीच उचलायची, असा नियम झाला. तो कामगार आजही तिथेच आहे.

चिंतनासाठी

• माझा कोणता घरखर्च धंद्याच्या नावावर चालला आहे?
• कोणा लहान माणसाचे पैसे माझ्याकडे अडकले आहेत?
• कामाच्या ठिकाणचा एखादा नियम फक्त दुबळ्यालाच लागू होतो का?

या आठवड्याचा संकल्प : थकलेले एक तरी बिल, समोरच्याने मागायच्या आत, चुकते करू या. नोकरी करणाऱ्यांनी आपल्या टेबलावर अडलेले एक बिल पुढे सरकवावे. तेही त्याच संकल्पात धरू.