हसता हसता व्याजाचा हिशेब

बँकेच्या काउंटरवर बसून आम्ही एक गोष्ट वर्षानुवर्षे पाहिली आहे. कर्ज घेणारा माणूस व्याजाचा दर विचारायला लाजतो. आपल्याला अडाणी म्हणतील, ही भीती. शिकलेलेही त्यातून सुटलेले नाहीत. (आम्ही कलाशाखेचे पदवीधर. नोकरीला लागलो तेव्हा चक्रवाढ व्याज आम्हालाही धड येत नव्हते!)

या लाजेवर आपल्याकडे जुना उपाय होता. सत्यशोधक जलशांनी तमाशातला सोंगाड्या ठेवला आणि त्याच्याकरवी सावकार-भटजींचे कावे उघडे केले. पुढे 1930 च्या दशकात नाशिककडे भीमराव कर्डक यांनी आंबेडकरी जलसा गाजवला. सभेला न फिरकणारा माणूस जलशाला येई. सोंगाड्या खुळे प्रश्न विचारी, त्यामुळे प्रेक्षकाला ते विचारावे लागत नसत.

आज ही जागा मोबाईलवरील मिनिटभराच्या व्हिडिओने घेतली आहे. आमच्या कल्पनेतला एक प्रसंग असा: आत्याबाई 'शेकडा दहा' म्हणजे किरकोळ समजून सावकाराकडून 10,000 रुपये उचलतात. व्याज महिन्याला 1,000. दहा महिन्यांत 10,000 भरून झाले, मुद्दल जागच्या जागी! आत्याबाई विचारतात, "पैसं मी घरात आणलं, का पैशानं मला सावकाराच्या घरात नेलं?" मेख एकाच शब्दात आहे. बँक दर साल दर शेकडा सांगते, सावकार 'साल' गाळून महिन्याचा दर सांगतो. बँकेच्या 12 टक्क्यांनी याच रकमेचे पहिल्या महिन्याचे व्याज 100 रुपये होते.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल कार्यालयानेही 2022 साली फसवणुकीचे प्रकार राजू नावाच्या भोळ्या पात्राच्या चित्रकथांतून सांगितले. मात्र कित्येक व्हिडिओ कर्जबाजारी माणसालाच हसतात, ते आम्हाला मुळीच रुचत नाही. काही तर हसवता हसवता शेअर्स गळ्यात मारतात. बिननोंदणी सल्लागारांशी संबंध ठेवण्यास सेबीने 2024 साली नोंदणीकृत संस्थांना मनाई केली, ती उगीच नव्हे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतील बचत गटाला आम्ही आत्याबाईंची गोष्ट साभिनय सांगितली. हशा झाला. सगळ्या पांगल्यावर एक भगिनी थांबली. तिच्या वहीत नुसते 'शेकडा 5' लिहिलेले होते. वर्षाचे 60 होतात, हे तिने बोटांवर मोजले आणि गप्प बसली. गटाच्या कर्जातून तिचे मुद्दल फेडण्याची खटपट सध्या चालू आहे.