हौसेला मोल नसते, पण व्होल्टेज असते

'हौसेला मोल नसते' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मोल नसेलही, पण व्होल्टेज मात्र नक्की असतं. हा धडा मला कॉलेजच्या लॅबमध्ये नाही, तर घरच्या बैठकीच्या खोलीत मिळाला. तोही इलेक्ट्रिकल मशीन्सच्या पेपरात चांगले मार्क मिळाल्यावर बरोबर पंधरा दिवसांनी!

आपल्या हॉस्टेलमधून दरवर्षी कोणी ना कोणी परदेशी जातं. कुणी इंटर्नशिपला, कुणी एम. एस. करायला. सरांपैकी कुणी कॉन्फरन्सला जातात. येताना आणायच्या यादीत चॉकलेटच्या खालोखाल हेडफोन, स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर असतात. म्हणून हा लेखप्रपंच.

घडले काय?

माझा मामा कंपनीच्या ट्रेनिंगसाठी तीन महिने टोकियोजवळ होता. आमच्या आजोबांना शास्त्रीय संगीताचं वेड. त्यांच्याकडे जुन्या एल.पी. रेकॉर्ड्स आहेत, प्लेअर आहे, पण अ‍ॅम्प्लिफायर कित्येक वर्षांपूर्वीच बंद पडलेला. मामाने ठरवलं, आणायचा तर जपानचाच.

टोकियोत अशा खरेदीचं ठिकाण म्हणजे अकिहाबारा. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे रस्त्याकडेला रेडिओचे सुटे भाग विकणारे ठेले उभे राहिले. जवळच इलेक्ट्रिकलचं शिक्षण देणारी संस्था होती, त्यामुळे गिऱ्हाईक म्हणून विद्यार्थी आयतेच मिळाले. १९४९ मध्ये रस्त्यावरचे ठेले हटवण्याचा हुकूम निघाला, तेव्हा यातले बरेच जण रेल्वेच्या पुलाखालच्या गाळ्यांत गेले. वावभर रुंदीच्या त्या गाळ्यांत रेझिस्टर, स्विच, वायरी विकणारी दुकानं आजही आहेत. आपल्या मुंबईचा लॅमिंग्टन रोड डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कल्पना येईल.

मामाला तिथे एक सेकंडहँड अ‍ॅम्प्लिफायर आवडला. ऐंशीच्या दशकातला, बारा किलो वजनाचा, नॉब लोण्यासारखे फिरणारे. दुकानदाराने लावून दाखवला, उत्तम वाजला. मामाने तो स्वेटरांत गुंडाळून घरी आणला आणि म्हणाला, "अगं, मी पडलो केमिकलचा. तू इलेक्ट्रिकलची ना? मग तूच जोड."

जपानी पिन दोन चपट्या पात्यांची असते, आपल्या सॉकेटमध्ये ती जात नाही. मी मल्टी-प्लग लावला आणि पिन बसवली. पिन बसली म्हणजे व्होल्टेजही बसलं, असं मी धरून चालले. स्विच टाकला. आतून एकदा 'घुंऽऽ' असा आवाज आला आणि फ्यूज गेला.

इथे थांबायला हवं होतं. पण आजोबा रेकॉर्ड पुसून तयार बसले होते. मी त्या काचेच्या फ्यूजवर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि पुन्हा स्विच टाकला. आता फ्यूज जाणं शक्यच नव्हतं, म्हणून ट्रान्सफॉर्मर गेला. वार्निश जळल्याचा वास आला आणि वरच्या जाळीतून धूर निघाला. आजोबांनी रेकॉर्ड परत कव्हरमध्ये घातली आणि म्हणाले, "असू दे गं, होतं असं." ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मागची पाटी

धूर ओसरल्यावर मी अ‍ॅम्प्लिफायर उलटा केला. मागच्या पत्र्यावर स्पष्ट छापलं होतं: १०० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ, १३० वॉट. एवढी एक ओळ आधी वाचली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

जपानमध्ये घरगुती पुरवठा १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेत १२० व्होल्टचा आणि आपल्याकडे २३० व्होल्टचा. आता आपलं पाठ केलेलं समीकरण आठवा: व्होल्टेज = ४.४४ × फ्रिक्वेन्सी × टर्न × फ्लक्स. टर्न तेवढेच आणि फ्रिक्वेन्सी तेवढीच ठेवून व्होल्टेज २.३ पट केलं, तर फ्लक्सही २.३ पट व्हायला हवा. कोअरचं लोखंड तेवढा फ्लक्स घेऊ शकत नाही, ते सॅच्युरेट होतं. मग विरोध करणारा बॅक ई.एम.एफ. पुरेसा तयार होत नाही आणि करंट भरमसाट वाढतो. 'घुंऽऽ' आवाज त्याचाच होता.

दुसरी बाजू सेकंडरीची. तिथे ३० व्होल्ट अपेक्षित असतील तर कागदावर ६९ व्होल्ट होतात. रेक्टिफायरनंतर ४२ व्होल्टच्या जागी ९७ च्या आसपास. त्यासमोर ५० किंवा ६३ व्होल्टचा कपॅसिटर कसा टिकणार? आणि नुसत्या रेझिस्टन्सचा हिशेब केला तर पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ५.२९ पट. हे सगळं मी परीक्षेत लिहिलं होतं. घरी मात्र फ्यूजला चांदी गुंडाळली.

म्हणून पहिला नियम. पाटीवर '१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असं लिहिलेलं असेल तर निर्धास्त घ्या. अशा वस्तूत स्विच-मोड पॉवर सप्लाय असतो आणि फक्त पिन बदलावी लागते. लॅपटॉपचा चार्जर याच जातीचा. पण नुसतं '१००' किंवा '१२०' लिहिलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरची किंमत आणि वजन आधीच हिशेबात धरा.

स्टेप-डाउन घेताना दोन गोष्टी पाहाव्या. आपल्या बाजारात सहज मिळतो तो ११० व्होल्टचा, अमेरिकन वस्तूंसाठीचा. जपानी वस्तूला १०० व्होल्टचा मागून घ्यावा. रात्री लाइनचं व्होल्टेज २५० पर्यंत चढलं, तर २३० ला १०० देणारा ट्रान्सफॉर्मर १०९ देतो, तर ११० देणारा जवळजवळ १२० देतो. दुसरी गोष्ट व्ही.ए. रेटिंगची. १३० वॉटच्या यंत्राला ३०० व्ही.ए.चा ट्रान्सफॉर्मर घेतला की तो तापत नाही.

सिंगापूर आणि दुबईत आपल्यासारखाच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा पुरवठा आहे. त्यामुळे तिथल्या स्थानिक वस्तूला फक्त पिनचा प्रश्न येतो, कारण तिथे तीन चौकोनी पात्यांची ब्रिटिश पिन चालते.

हर्ट्झ विसरू नका

जपानची आणखी एक गंमत आहे. १८९० च्या दशकात टोकियोने जर्मन जनरेटर घेतले, ते ५० हर्ट्झचे. ओसाकाने अमेरिकन घेतले, ते ६० हर्ट्झचे. त्यामुळे आजही पूर्व जपानमध्ये ५० आणि पश्चिम जपानमध्ये ६० हर्ट्झ आहे. २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेला विजेची टंचाई झाली, तेव्हा पश्चिमेची वीज हवी तेवढी तिकडे नेता आली नाही. कारण मधले फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर अपुरे होते.

आपल्याला याचा फायदा असा, की जपानी वस्तूवर बहुधा '५०/६०' दोन्ही लिहिलेलं असतं. अमेरिकन वस्तूवर नुसतं '६०' असू शकतं. तोच ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टलाच पण ५० हर्ट्झवर चालवला तर फ्लक्स २० टक्के वाढतो आणि तो जास्त तापतो.

रेकॉर्ड प्लेअर घेणाऱ्यांनी तर हे नक्की तपासावं. साध्या सिंक्रोनस मोटरचा वेग फ्रिक्वेन्सीवर ठरतो. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेली तबकडी ५० वर मिनिटाला ३३⅓ ऐवजी २७.८ फेरे घेईल. सूर सुमारे तीन पट्ट्या खाली जातील. काळी चारमध्ये गाणारा गवई पांढरी चारच्याही किंचित खाली गाताना ऐकू येईल, आणि तोही रेंगाळत! ज्या प्लेअरची मोटर डी.सी.वर किंवा क्वार्ट्झ लॉकवर चालते, त्याला हा त्रास नाही.

पाटीवर नसलेल्या गोष्टी

काही अडचणी विजेच्या नसतात. जपानचा एफ.एम. पट्टा ७६ ते ९५ मेगाहर्ट्झचा आहे, आपला ८८ ते १०८ चा. म्हणजे जपानी रिसीव्हरवर आपली ९५ च्या पुढची सगळी स्टेशनं गायब. ब्लू-रे प्लेअर घेणार असाल तर जपानचा विभाग 'ए' आणि भारताचा 'सी'. डी.व्ही.डी.मध्ये जपान २, भारत ५. साध्या ऑडिओ सी.डी.ला असं काही बंधन नाही. शिवाय स्थानिक मॉडेलचा मेनू फक्त जपानीत असू शकतो आणि वॉरंटी त्या देशापुरती असू शकते. बिल हातात पडण्याआधी हे विचारून घ्यावं.

मग आणायचं काय?

माझ्या मते हेडफोन आणि इअरफोन. वजन कमी, जागा कमी आणि वायरवाल्यांना तर व्होल्टेजचा प्रश्नच नाही. अकिहाबारात हेडफोन कानाला लावून ऐकू देणारी दुकानं आहेत. ऐकताना स्वतःचा फोन आणि स्वतःचं पाठ असलेलं गाणं वापरा. दुकानातल्या मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरवर सगळंच छान वाजतं.

इथेही एक आकडा बघायचा, तो म्हणजे इम्पिडन्स. एक मिलिवॉट द्यायला ३२ ओहमच्या हेडफोनला ०.१८ व्होल्ट लागतात, तर ३०० ओहमच्याला ०.५५ व्होल्ट, म्हणजे तिप्पट. स्टुडिओतला भारी हेडफोन फोनवर मलूल वाजतो, त्याचं हे एक कारण. फोनवरच ऐकायचं असेल तर कमी ओहमचा आणि जास्त सेन्सिटिव्हिटीचा घ्यावा.

आता पैशांचं. जपानमध्ये ऑक्टोबर २०१९ पासून १० टक्के विक्रीकर आहे. परदेशी पाहुण्याने एका दुकानात एका दिवशी निदान ५,००० येनची खरेदी केली, की पासपोर्ट दाखवून त्यात सूट मिळते. १ नोव्हेंबर २०२६ ही तारीख मात्र लक्षात ठेवा. तिच्याआधीच्या पद्धतीत कर दुकानातच वजा होतो. तिच्यापासून पुढे कर आधी भरायचा आणि देश सोडताना परतावा घ्यायचा, असं ठरलं आहे. आपल्या विमानतळावर उतरताना जकातमाफीची मर्यादा असते. २०१६ च्या बॅगेज नियमांत ती ५०,००० रुपये होती. असे आकडे बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी कस्टम्सचा चालू नियम वाचावा आणि बिल जपून ठेवावं. बॅटरीवाला स्पीकर असेल तर तो हातातल्या बॅगेतच ठेवा.

शेवट गोड

तो अ‍ॅम्प्लिफायर घेऊन मी पुण्यात तपकीर गल्लीच्या बाजूला एका वाइंडिंगवाल्या काकांकडे गेले. त्यांनी पत्र्या सोडवल्या, वरचं सेकंडरी उतरवलं आणि आतलं काळं पडलेलं प्रायमरी बाहेर काढलं. मी हळूच समीकरण सांगायला लागले. ते म्हणाले, "शंभराला जेवढे टर्न, त्याच्या सव्वादोन पट आणि वर थोडे. तार बारीक चालेल, करंट कमी आहे." कॅल्क्युलेटर न काढता! फुगलेले दोन कपॅसिटर बदलले आणि फ्यूज नवा, बरोबर रेटिंगचा घातला. मागच्या '१००' च्या पाटीवर काकांनी पांढऱ्या रंगाने '२३०' लिहिलं, म्हणजे पुढच्या माणसाची फसगत नको.

आजोबा आता रोज संध्याकाळी रेकॉर्ड ऐकतात. स्विच टाकायच्या आधी माझ्याकडे बघून विचारतात, "इंजिनिअरबाई, पाटी वाचली ना?"

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, दुकानात वस्तू हातात घेतली की ती आधी उलटी करा आणि मागची पाटी वाचा. आणि फ्यूज उडाला तर त्याला चांदी गुंडाळू नका. तो काहीतरी सांगत असतो, ते ऐका.