वीस ताटांची रंगीत कोशिंबीर: हॅलोविन असो की भुलाबाई, खर्च अडीचशेच्या आत

मुलांच्या शाळेत किंवा सोसायटीत ३१ ऑक्टोबरला हॅलोविनचा कार्यक्रम आहे आणि तुमच्या नावापुढे ‘सॅलड’ लिहिलंय. किंवा कोजागिरीला भुलाबाईचा समारोप तुमच्या अंगणात आहे आणि गोड खिरापतीसोबत काहीतरी ताजं, रंगीत हवंय. दोन्ही कार्यक्रम ऑक्टोबराच्या आसपास येतात. बाजारात तेव्हा भाजी सारखीच असते आणि प्रश्नही सारखेच पडतात: काय घ्यायचं, कुठून, कितीला, वेळ किती जाईल. यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्या घरासाठी त्याची ही उत्तरं.

हॅलोविनचे रंग नारिंगी आणि काळा. दोन्ही तुमच्या बाजारात आहेत. नारिंगीला कोहळं, म्हणजे लाल भोपळा. काळ्याला गावरान काळे हरभरे. खाण्याचा रंग, आयात भाजी, बाटलीतलं ड्रेसिंग यातलं काहीच घेऊ नका.

काय आणि किती: २० जणांसाठी

खालचे भाव हिशेबासाठी धरलेले आहेत. भाव रोज बदलतात, म्हणून तुमच्या बाजारातला त्या दिवशीचा आकडा घालून बेरीज पुन्हा करा. वजनं मात्र हीच ठेवा.

कोहळं १ किलो, ४० रुपये. काळे हरभरे पाव किलो, २५ रुपये. काकडी अर्धा किलो, २० रुपये. टमाटर पाव किलो, १० रुपये. बीट पाव किलो, १५ रुपये. गाजर पाव किलो, १५ रुपये. डाळिंब एक मोठं, ४० रुपये. संत्री अर्धा किलो, ३० रुपये. लिंबं तीन, १५ रुपये. सांबाराची जुडी आणि चार हिरव्या मिरच्या, १५ रुपये. शेंगदाणे १०० ग्रॅम, १४ रुपये. मीठ, जिरं, फोडणीचं तेल, १० रुपये.

बेरीज २४९ रुपये. एका ताटाला साडेबारा रुपये. साली, बिया, देठ वजा जाता आणि हरभरे भिजून फुगल्यावर सगळं मिळून पावणेतीन किलोच्या पुढे भरतं, म्हणजे माणशी मोठी वाटीभर. जेवणात वरण-भात-पोळी-भाजी असेल तर एवढं भरपूर आहे. फक्त लहान मुलं असतील तर हेच तीस जणांना पुरतं.

हात आखडायचा असेल तर आधी डाळिंब आणि संत्री काढा. त्यांच्या जागी अर्धा किलो पेरू घ्या, ४० रुपये किलोने २० रुपये. एकूण १९९ रुपये, ताटाला दहा. कोहळं आणि हरभरे काढू नका. पोटभरीचं काम तेच करतात आणि रंगही त्यांचाच आहे.

कुठे आणि केव्हा घ्यायचं

यवतमाळ शहरात भाजी मंडईत. पुसद, वणी, दारव्हा, दिग्रस, उमरखेड, पांढरकवडा इथे रोजच्या भाजीबाजारात किंवा आठवडी बाजारात. खेड्यात राहत असाल तर कार्यक्रमाच्या आधी येणारा आठवडी बाजार गाठा आणि खरेदी दोन वेळा करा.

पहिली खरेदी टिकाऊ मालाची: अख्खं कोहळं, बीट, हरभरे, शेंगदाणे, डाळिंब. ही आठवडाभर आधी घेतली तरी चालते. दुसरी खरेदी कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी किंवा आदल्या संध्याकाळी: काकडी, टमाटर, सांबार, लिंबू. आठवडी बाजार उठताना भाव पडतात हे खरं, पण ती वेळ टिकाऊ मालासाठी ठीक. दिवसभर उन्हात पडलेली काकडी आणि सांबार स्वस्तात घेतलं तर निम्मं फेकावं लागतं.

संत्र्याचा आंबिया बहार ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. सुरुवातीचं फळ सालीने हिरवट असतं. रंगाकडे पाहून नाकारू नका. हातात घेऊन जड लागतंय का पाहा आणि एक फोडून चाखा. लाल दिल्ली गाजर थंडी पडल्यावर येतं, ऑक्टोबरात नारिंगी गाजरच मिळेल. तुम्हाला तेच हवंय.

कोहळं अख्खं की फाक?

इथे पैसे वाचतात आणि इथेच जातात. कापलेली फाक महाग पडते आणि तिच्यावर माशा बसलेल्या असतात. अख्खं कोहळं किलोमागे स्वस्त पडतं, पण ते तीन-चार किलोंचं असतं. फाक ४० रुपये किलो आणि अख्खं २५ रुपये किलो धरलं, तर चार किलोचं कोहळं १०० रुपयांना येईल. किलोभर कोशिंबिरीला, उरलेल्याची भाजी आणि बोंडं. घरात ते खाल्लं जाणार असेल तर अख्खं घ्या. नसेल तर फाक घ्या, पण तुमच्या डोळ्यांसमोर नवीन कापून मागा.

अख्खं, देठासकट, डाग नसलेलं कोहळं कोरड्या जागेत बरेच आठवडे टिकतं. कापल्यावर बिया काढून फ्रीजमध्ये ठेवा आणि चार-पाच दिवसांत संपवा.

हॅलोविनसाठी कोहळं कोरून आत दिवा ठेवणार असाल तर कोरून निघालेला गर कोशिंबिरीला वापरा. दिवा लावलेल्या कवचातून खायला मात्र वाढू नका. त्यात मेण, काजळी आणि हाताळणी झालेली असते. वाढायला दुसरं, स्वच्छ पुसलेलं कवच किंवा साधं पातेलं घ्या.

वजनात कुठे जातात पैसे

‘पंधरा रुपये पाव’ ऐकायला कमी वाटतं, पण तो ६० रुपये किलो झाला. नेहमी किलोचा भाव विचारा. इलेक्ट्रॉनिक काटा माल ठेवण्याआधी शून्यावर आहे का ते पाहा. टोपली किंवा जाड पिशवी ठेवून वजन करत असतील तर आधी तिचं वजन वजा करायला सांगा. बीट आणि गाजर पाल्यासकट तोलू देऊ नका. साध्या तराजूवर वजनाऐवजी दगड असेल तर तिथे घेऊ नका. वजनांवर आणि काट्यावर वैधमापन खात्याची मुद्रा असावी लागते.

पिशवी घरून न्या. पातळ प्लास्टिक पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि कागदी-कापडी पिशवीचे दुकानात वेगळे पैसे लागतात.

सोललेलं, कापलेलं, थर्माकोलच्या ट्रेमध्ये बांधलेलं सॅलड घेऊ नका. त्यात तुम्ही भाजीपेक्षा कापणाऱ्या हाताचे आणि ट्रेचे पैसे भरता, शिवाय कधी कापलं ते कळत नाही. ‘सोललेले हिरवे मटार’ गडद हिरवे दिसले तर काचेच्या पेल्यात पाण्यात अर्धा तास ठेवा. पाण्याला रंग सुटला तर ते रंगवलेले आहेत. टाकून द्या.

फवारणीचा महिना आहे, हे विसरू नका

ऑक्टोबरात कपाशीवर फवारणी चालू असते. २०१७ साली याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. कपाशीत किंवा धुऱ्यावर लावलेली काकडी, वाळूक, बरबटी घरची म्हणून थेट कोशिंबिरीत घालू नका. शेवटची फवारणी कधी झाली ते विचारा. औषधाच्या डब्यावर काढणीआधी किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं. ते दिवस झाले नसतील तर ती भाजी शिजवूनही खायची नाही. कोणाला वाईट वाटेल म्हणून मुलांच्या ताटात ती घालू नका.

बाजारातली भाजी आधी वाहत्या पाण्यात हाताने चोळून धुवा, मग कापा. कापून धुतली तर वरची घाण आत जाते. शेवटचं पाणी पिण्याचंच असावं. काकडी, बीट, गाजर सोलून घ्या.

वेळ: भिजवणं सोडून पाऊण तास

आदल्या रात्री हरभरे भिजवा. आठ तास लागतात. सकाळी पाण्यात मीठ घालून कुकरमध्ये पाच-सहा शिट्ट्या. दाणा बोटाने दबला पाहिजे, पण फुटायला नको.

कोहळं सोलून बोटाच्या पेराएवढ्या फोडी करा. चाळणीत ठेवून आठ-दहा मिनिटं वाफवा. सुरी सहज गेली की लगेच उतरवा आणि पसरून गार करा. कुकरमध्ये लावलं तर लगदा होतो. लगदा झालाच तर घाबरू नका, घट्ट दही आणि जिऱ्याची फोडणी घालून त्याचं भरीत करा.

हरभरे आणि कोहळं गार होईपर्यंत बाकीचं कापा. दोन माणसं असली तर अर्धा तास. बीट शेवटी आणि वेगळ्या पाटावर, नाहीतर सगळं गुलाबी होतं.

मोठ्या ताटात एकत्र कालवू नका, पट्टे मांडा: नारिंगी कोहळं, काळे हरभरे, पांढरी-हिरवी काकडी, लाल टमाटर, किसलेलं गाजर, अगदी कडेला बीट. वरून डाळिंबाचे दाणे, संत्र्याच्या सोललेल्या फोडी, सांबार. मुलांना आपापला रंग उचलता येतो आणि उरलेलं मऊ पडत नाही. मीठ, लिंबू, दाण्याचा कूट, मिरची-जिऱ्याची फोडणी वेगळ्या वाटीत ठेवा आणि वाढायच्या क्षणी घाला. आधी घातलं तर दहा मिनिटांत ताटात पाणी.

हरभरे भिजवायचे राहिले? फुटाणे घ्या. ते काळे नसतात, पण भिजवायला-शिजवायला लागत नाहीत. वाढताना वरून टाका.

दुसऱ्या गावी एसटीने किंवा गाडीवर न्यायचं असेल तर प्रत्येक रंगाचा डबा वेगळा ठेवा आणि मांडणी पोहोचल्यावर करा.

कोणाच्या ताटात काय नको

पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खे हरभरे देऊ नका. घशात अडकतात. हरभरे ठेचून द्या. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल आहे का, हे आधी पालकांना विचारा. कूट वेगळा ठेवायचं ते आणखी एक कारण. मोड आलेले मूग-मटकी घालणार असाल तर पाच मिनिटं वाफवून घ्या.

कापलेली कोशिंबीर ऑक्टोबरच्या उन्हात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. दही घातलेली असेल तर फ्रीजमधून काढून थेट ताटात.

धुराच्या गंमतीसाठी कोणी ‘ड्राय आइस’ सुचवेल. नाही म्हणा. मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका उपाहारगृहात जेवणानंतर माउथ फ्रेशनर समजून कोरडा बर्फ तोंडात टाकलेल्या ग्राहकांना रक्ताच्या उलट्या झाल्या. मुलांच्या जेवणात तो कोणत्याही कारणाने नको.

बाहेरून मागवणार असाल तर

कॅटररला चार गोष्टी आधीच विचारा आणि उत्तरं मेसेजवर लिहून घ्या. ताटाचा भाव कापणी धरून आहे का? कमीत कमी किती ताटांची ऑर्डर? पोहोचवण्याचे आणि डिस्पोजेबल वाट्या-चमच्यांचे वेगळे किती? भाजी किती वाजता कापणार? शेवटचं उत्तर ‘सकाळीच’ असेल आणि जेवण रात्री असेल तर दुसरा पाहा. त्याचा १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक बिलावर मागा.

घरच्या जेवणाला तुम्हाला कोणताही कागद लागत नाही. पण आनंदमेळ्यात किंवा मंडळाच्या स्टॉलवर कोशिंबीर विकणार असाल तर छोट्या विक्रेत्यालाही अन्न सुरक्षा नोंदणी लागते. ती फॉस्कॉस या सरकारी पोर्टलवर स्वतः करता येते. फोटो आणि ओळखपत्र हाताशी ठेवा. शुल्क पोर्टलवरच पाहा. एजंट त्यावर आपली रक्कम लावतो, त्यामुळे सरकारी शुल्क किती हे त्याच्याकडून ऐकून घेऊ नका.

हॉटेलात जेवण ठेवलं तर सॅलडच्या प्लेटचा भाव आणि त्यात किती जण खातील हे आधी विचारा. बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ लावला असेल तर तो काढायला सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो परस्पर जोडता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. जीएसटी वेगळा, तो द्यावाच लागतो. ऐकलं नाही तर बिलाचा फोटो काढा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बिल नसेल तर तक्रारीत काहीच हातात राहत नाही, म्हणून पैसे देण्याआधी छापील बिल मागा.