घरातील बुजुर्गांची सुरक्षितता आणि आपले हुन्नर

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही शहरांत आपल्या लोकांचा दिवस लवकर सुरू होतो. कोणी सकाळची लोकल पकडून मुंबईच्या बाजारात जातो, कोणी शिलाईच्या कारखान्यात बसतो, कोणी एम.आय.डी.सी.त कामाला लागतो. मुले शाळेत जातात. दुपारभर घरी राहतात ते अब्बा किंवा अम्मी, आणि कित्येक घरांत एकटेच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात आणि त्यांत साठीच्या वरच्यांचे प्रमाण सर्वाधिक असते. जीव वाचला तरी खुब्याचे हाड मोडलेला माणूस महिनोन्‌महिने दुसऱ्यावर अवलंबून राहतो. त्याच्याबरोबर घरातील एका कमावत्या माणसाचा धंदाही बसतो.

यावर बहुतेक घरांत एकच इलाज सांगितला जातो, "अब्बा, तुम्ही उठू नका, बसून राहा." हा इलाज उलटा पडतो. चालणे बंद झाले की पायांतील ताकद जाते आणि पुढच्या वेळी उठताना पडण्याची भीती वाढते. आमचे म्हणणे असे की, माणसाला बसवून ठेवण्यापेक्षा घर दुरुस्त करावे. त्यासाठी लागणारे सुतार, फॅब्रिकेशनवाले, प्लंबर आणि शिंपी आपल्याच मोहल्ल्यांत आहेत.

न्हाणीघर

सर्वांत आधी लक्ष न्हाणीघराकडे द्यावे. फज्रच्या वेळी अंधार असतो, लादी ओली असते आणि पाय धुण्यासाठी माणूस एका पायावर उभा राहतो. वुजूसाठी नळासमोर रुंद पायांचे, न हलणारे बैठे स्टूल ठेवले की ही कसरत टळते.

भिंतीला धरण्याची दांडी बसवावी. सव्वा ते दीड इंची स्टेनलेस स्टीलचा पाइप मुठीत नीट बसतो. पाइप आणि भिंत यांत दीड इंच जागा सोडावी. उंची जमिनीपासून साधारण ३३ ते ३६ इंच ठेवावी, मात्र ज्याच्यासाठी दांडी आहे त्याला उभे करून माप घ्यावे. फास्टनर टाइल्सच्या आत पक्क्या भिंतीत गेला पाहिजे. काम झाल्यावर कारागिराने आपला पूर्ण भार देऊन दांडी तपासावी. टॉवेलची दांडी या कामाची नव्हे. ती टॉवेलचा भार घेते, माणसाचा घेत नाही.

दाराची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी असावी. दार बाहेरच्या बाजूला उघडणारे असेल तर आणखी चांगले, कारण आत कोणी पडला तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडते. गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात कधीही लावू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि माणूस नकळत बेशुद्ध पडतो.

पलंग आणि रात्रीची वाट

शिंपी अंगाचे माप घेतो तसे सुताराने पलंगाचे माप घ्यावे. काठावर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर टेकले पाहिजेत आणि गुडघे काटकोनात आले पाहिजेत. गादी दबते, म्हणून माप गादीवर बसवूनच घ्यावे. खुर्चीला हात असावेत, म्हणजे उठताना जोर देता येतो.

पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर एक छोटा दिवा जळत ठेवावा. दिव्याचे बटण निजल्या जागेवरून हाताला यावे. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याने झोपेतून उठल्याबरोबर चालू लागू नये. मिनिटभर काठावर बसून मगच उभे राहावे.

कापड

हा आमचा रोजचा विषय, म्हणून थोडे जास्त सांगतो. घरात पाय अडकतो तो पुष्कळदा कापडातच. सुटे पायपुसणे, कोपरा वळलेली सतरंजी, पायाखाली येणारी लुंगी किंवा मॅक्सी. पायपुसण्याखाली रबराची जाळी घालावी, नाहीतर ते उचलून टाकावे. मॅक्सी व पायजमा घोट्याच्या वर ठेवावा.

पायजम्याला नाडा असेल तर थरथरत्या बोटांनी त्याची गाठ घाईत सुटत नाही. तेथे इलास्टिक घालावे. कुर्त्याला बारीक बटणाऐवजी मोठे बटण किंवा वेल्क्रोची पट्टी लावावी. अम्मी चुलीपाशी काम करत असतील तर नायलॉन, जॉर्जेटची ओढणी आणि सैल बाही टाळावी. सिंथेटिक कापड वितळून कातडीला चिकटते. सुती कापडही पेटते, म्हणून ओढणी खोचून घेणे दोन्हीकडे जरूर आहे. एवढे बदल करणारा शिंपी आपल्या गिऱ्हाइकाला कपड्याबरोबर सोयही विकतो.

इमारत

आपल्या भागात घराच्या आतील दुरुस्ती पुरेशी नाही. उल्हासनगरात २८ मे २०२१ रोजी साईशक्ती इमारतीचा पाचव्या मजल्यावरील स्लॅब खालचे मजले घेऊन कोसळला आणि ७ माणसे मृत्युमुखी पडली. छताला तडा, गळती किंवा गंजून फुगलेली सळई दिसली तर पलंग ताबडतोब तेथून हलवावा आणि सोसायटीने स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावे. वरून प्लास्टर मारल्याने सळईचा गंज थांबत नाही.

बदलापुरात अडचण वेगळी आहे. जिना चढावा लागू नये म्हणून बुजुर्गांना तळमजला दिला जातो, पण २६ जुलै २००५ ला आणि २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीचे पाणी वस्तीत शिरले होते. नदीकाठच्या घरांत पावसाळ्यापूर्वीच वरच्या मजल्यावरील शेजाऱ्याशी बोलून ठेवावे. औषधे व कागदपत्रे एका पिशवीत उंचावर ठेवावीत.

कारागिरांसाठी दोन शब्द

सुतार, प्लंबर आणि फॅब्रिकेशनवाला यांनी मिळून असे काम एकाच ऑर्डरीत घेतले तर गिऱ्हाइकाला तिघांच्या मागे फिरावे लागणार नाही. मात्र भीती दाखवून माल विकू नये. हलका पाइप बसवून पैसे घेतले तर ज्या दिवशी कोणी त्याला धरील त्या दिवशी तो निखळेल.

वय ६५ व त्यावरील आणि वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांसाठी राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तिच्यात काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकवेळ ३ हजार रुपये देण्याची तरतूद आहे. ज्येष्ठांना सल्ला व मदत देणारी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. हा नंबर मोठ्या अक्षरांत फोनजवळ लावावा.

येत्या सुट्टीच्या दिवशी अब्बा-अम्मींबरोबर सर्व घर एकदा फिरून पाहावे. कोठे हात टेकावा लागतो, कोठे पाय अडखळतो, हे त्यांनाच विचारावे आणि त्यांनी दाखवलेल्या जागेपासून कामाला सुरुवात करावी.