म्हैस रात्री कुठे गेली?

विद्यार्थी मित्रहो, गेली अनेक वर्षे मी पदार्थविज्ञानाच्या वर्गात रेडिओलहरी शिकवीत आलो आहे. पण या विषयातील एक महत्त्वाचा धडा मला गेल्या हिवाळ्यात खानापूर तालुक्यातील एका म्हशीने शिकवला. तो धडा व त्यामागची खटपट या लेखात सांगण्याचा विचार आहे.

रानातला प्राणी कुठे जातो, कधी परततो, हे समजून घेण्यासाठी त्याच्या अंगावर छोटा प्रेषक बांधण्याची युक्ती जुनी आहे. अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानात जॉन व फ्रँक क्रेगहेड या बंधूंनी १९६१ मध्ये अस्वलाच्या गळ्यात रेडिओ-पट्टा बांधला. आपल्या कर्नाटकात उल्हास कारंत यांनी १९९० मध्ये नागरहोळेच्या जंगलात वाघांना असे पट्टे घातले. त्या काळी संशोधक हातात अँटेना घेऊन प्राण्याच्या मागे रानोमाळ फिरत. आता दुसरी पद्धत रूढ झाली आहे. प्रेषक प्राण्याच्या अंगावर राहतो व ग्राही एका जागी उभा राहून रात्रंदिवस कान देतो. कॅनडात सुरू झालेल्या ‘मोटस’ या जाळ्यात अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे आहेत. लहान पक्ष्यांसाठी ही पद्धत विशेष सोयीची, कारण अंगावरचे ओझे पक्ष्याच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांहून अधिक असू नये असा संकेत आहे. वीस ग्रॅमच्या पक्ष्याला तीन टक्क्यांच्या हिशेबाने ०.६ ग्रॅमचाच प्रेषक झेपणार!

असे एखादे केंद्र आपल्या महाविद्यालयाच्या ऐपतीत उभे करता येईल का, हा प्रश्न आम्ही हाती घेतला. वन्य प्राण्याला पकडून पट्टा बांधायचा तर वन विभागाची लेखी परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. म्हणून सरावासाठी आम्ही एका विद्यार्थ्याच्या मामांची म्हैस निवडली. गोठा टेकडीच्या एका अंगाला, पाण्याचे तळे दुसऱ्या अंगाला आणि मध्ये दाट झाडी. रानाचा नमुना म्हणून एवढे पुरेसे होते.

प्रथम प्रेषकाविषयी. भारतात ८६५ मेगाहर्ट्झपासूनचा एक पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत परवान्याशिवाय वापरता येतो. त्यातील ८६६ मेगाहर्ट्झ ही वारंवारता आम्ही घेतली. प्रेषक दर दहा सेकंदांनी चार स्पंद सोडी, प्रत्येक स्पंद अडीच सहस्रांश सेकंदाचा. म्हणजे एकूण वेळेच्या हजारावा भागच तो बोलत असे. त्यामुळे लहानशी बॅटरीही महिनोन्‌महिने पुरते. चार स्पंदांमधील तीन अंतरे हीच प्राण्याची ओळख. अंतरे बदलली की एकाच वारंवारतेवर अनेक प्राणी वेगवेगळे ओळखता येतात.

आता अँटेना. पूर्वी घराघराच्या कौलांवर दूरदर्शनची काठ्याकाठ्यांची अँटेना दिसे, ती तुमच्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तिचाच हा धाकटा भाऊ. ८६६ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ३४.६ सेंटिमीटर येते. तिच्या निम्म्या मापाच्या आसपास तीन ॲल्युमिनियमच्या काड्या लागतात : मागची सुमारे १७, मधली १६ व पुढची १५ सेंटिमीटर. मधल्या काडीला तार जोडायची, मागची काडी लहरी परतवते व पुढची त्यांना वाट दाखवते. अशा दोन अँटेना आम्ही टेकडीवर नऊ मीटर उंच खांबावर बसवल्या. एकीचे तोंड गोठ्याकडे, दुसरीचे तळ्याकडे. जिच्यात आवाज मोठा, त्या बाजूला म्हैस, हा सरळ हिशेब.

प्रत्येक अँटेनाला संगणकावर टीव्ही पाहण्यासाठी निघालेली एक बोटाएवढी ग्राही-कांडी जोडली. तिच्यातील चिपमधून कच्च्या रेडिओलहरी थेट संगणकाला देता येतात हे २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींच्या ध्यानात आले आणि महागड्या ग्राहीची गरज संपली. स्पंद ओळखून नोंदण्याचे काम रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाने केले. सौर पट्टी, बॅटरी, खांब, पाणी न शिरणारी पेटी, असे सारे मिळून खर्च पंधरा हजारांच्या आत राहिला.

पहिल्या आठवड्याच्या नोंदी पाहून आम्ही चकित झालो. म्हैस रोज पहाटे पावणेतीनच्या सुमारास गोठा सोडून तळ्याकडे निघत होती! आमच्या एका हुशार विद्यार्थ्याने लगेच उपपत्ती मांडली, की बिबट्याच्या भीतीने गुरे रात्री जागा बदलत असावीत. मलाही ती पटली, हे कबूल केले पाहिजे. भित्तिपत्रकासाठी आलेखसुद्धा काढून झाला. शेवटी मामांना विचारले. ते मोठ्याने हसले. “सर, रात्री गोठा कोण उघडतंय? कडी मीच लावतो. सकाळी आठाला सोडतो तिला.”

मग शोध सुरू झाला. आमच्या यंत्रणेला सुमारे ६ वॅट लागत. बॅटरी होती १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची, म्हणजे जेमतेम ८४ वॅट-तास. संध्याकाळी सहाला ऊन गेले की साडेआठ तासांत ५१ वॅट-तास संपत व रात्री अडीचच्या सुमारास नियंत्रक वीज तोडी. सकाळी ऊन आले की केंद्र आपोआप जागे होई. इथवर ठीक. पण आमच्या जुन्या रास्पबेरी पायमध्ये वीज गेल्यावर चालणारे घड्याळच नव्हते. जागा झाल्यावर तो शेवटी जपून ठेवलेल्या वेळेपासून, म्हणजे अडीचपासून, पुढे मोजू लागे. सकाळचे आठ त्याच्या हिशेबी पावणेतीन झाले होते! मधले पाच तास नोंदीतून असे पुसले गेले की खाडाखोडही दिसू नये.

दुसरी चूक याहून बोधप्रद होती. दुपारी दोन-तीन तास म्हशीचा आवाज कुठेच येत नसे. ‘म्हैस कक्षेबाहेर’ असे आम्ही लिहून मोकळे झालो. प्रत्यक्षात ती तळ्यात मानेपर्यंत बसलेली असे आणि गळ्यातला प्रेषक पाण्याखाली. इतक्या उच्च वारंवारतेच्या लहरी पाण्यात फार लवकर क्षीण होतात. जी म्हैस आम्ही हरवली असे लिहिले, ती आमच्या अँटेनासमोर सुखाने डुंबत होती.

यावर उपाय कठीण नव्हते. दिवसाला १४४ वॅट-तास लागतात, आणि या जातीच्या बॅटरीतून निम्म्याहून जास्त वीज काढू नये. म्हणून २६ अँपिअर-तासांची बॅटरी घेतली. बटनाएवढ्या सेलवर चालणारे घड्याळ बसवले. शिवाय एक साक्षी प्रेषक कायमचा एका झाडाला बांधला. तो दर दहा मिनिटांनी ‘मी आहे’ असे सांगतो. त्याचा आवाज नोंदीत असेल तरच केंद्र त्या वेळी जागे होते व त्याचे कान उघडे होते असे मानायचे. पाण्यात बसलेल्या म्हशीवर मात्र यंत्राचा उपाय नाही. तिथे मामांनाच विचारावे लागते. आता आमची नोंदवही मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत असून तिच्यात मामांसाठी वेगळा रकाना आहे.

मित्रहो, म्हशीच्या बाबतीत ही चूक हसण्यावारी गेली. पण उद्या हेच केंद्र एखाद्या दुर्मिळ पक्ष्यासाठी उभे राहिले आणि त्याच्या नोंदीवरून ‘या रानात तो येत नाही’ असे कुणी लिहिले, तर त्या एका वाक्यावर त्या रानाचे भवितव्य ठरू शकते. आवाज आला नाही, एवढेच यंत्र सांगते. प्राणी नव्हता, हे आपण त्यात घालतो. ते घालण्यापूर्वी केंद्र जागे होते का, त्याचे घड्याळ बरोबर होते का, आणि प्राणी जवळ असूनही ऐकू न येण्याजोगा होता का, हे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत.

आमचा तो चुकीचा आलेख मी फाडू दिलेला नाही. प्रयोगशाळेच्या दाराशी तो लावला आहे. येता-जाता जरूर पाहावा.