बंद्यांची पत आणि ‘जिव्हाळा’ कर्ज

तारण नाही, जामीनदार नाही, अशा बंद्यास कर्ज कोण देणार? तथापि १ मे २०२२ रोजी येरवडा मध्यवर्ती कारागृहात महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेची ‘जिव्हाळा’ योजना सुरू झाली. कारागृहातील मजुरी हाच आधार. कमाल ५० हजार रुपये, व्याज ७ टक्के. मुलांचे शिक्षण, आजारपण वा वकिलाच्या खर्चासाठी कुटुंबास सावकाराची पायरी चढावी लागू नये, हा हेतू.

पतमाहिती संस्थांविषयीचा २००५ चा कायदा सीमेपलीकडे आदिलाबादलाही लागू आहे. या संस्थांच्या अहवालात कर्जे व परतफेड यांची नोंद असते, शिक्षेची नव्हे. मात्र अटकेनंतर थकलेले जुने हप्ते तेथे उमटतात आणि सुटकेनंतर बहुधा तेच आडवे येतात. म्हणून कुटुंबीयांनी बँकेस वेळीच लेखी कळवून हप्त्यांची फेरआखणी मागावी.