संग्रह कोणासाठी? : कोरियातील दोन संग्राहकांचा अभ्यास

संग्रहाची हौस माणसाला पुरातन काळापासून आहे. पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, शंखशिंपले जमविणारे आपल्या ओळखीतही असतात. परंतु कलावस्तूंच्या संग्रहाचा प्रश्न थोडा निराळा आहे. कलावस्तू कोणाच्या तरी घरातली, देवळातली किंवा थडग्यातली असते. ती तेथून उचलली गेली की एका जागी पोकळी निर्माण होते व दुसऱ्या जागी शोभा वाढते. म्हणून 'वस्तू सुंदर आहे काय?' या प्रश्नाबरोबरच 'ती कोठून आली व कोणासाठी ठेवली?' हाही प्रश्न विचारणे प्राप्त होते.

चीन, जपान व कोरिया या पूर्व आशियाई देशांच्या वस्तूंना जगभर संग्राहक लाभले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील चिनी व जपानी वस्तूंचे दालन टाटा कुटुंबीयांच्या अशाच हौसेतून उभे राहिले आहे. मात्र वर मांडलेला प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहिला तो कोरियात. १९१० ते १९४५ या काळात तो देश जपानच्या ताब्यात होता. त्या काळातील दोन संग्राहकांच्या, एक जपानी व एक कोरियन, कार्याचा परामर्श घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

कोरियन मृत्तिकाकलेचे दोन मोठे कालखंड मानले जातात. गोर्यो राजवटीत (९१८ ते १३९२) हिरवट-निळ्या झिलईची सेलाडॉन भांडी घडली. ओल्या मातीवर नक्षी कोरायची, त्या खाचांत पांढरी व भाजल्यावर काळी होणारी माती भरायची आणि मग वर झिलई चढवून भांडे भट्टीत घालायचे, ही या कुंभारांची खास कारागिरी. त्यानंतरच्या जोसोन राजवटीत (१३९२ ते १९१०) पांढऱ्या चिनी मातीची साधी, शांत भांडी पुढे आली. त्यांतील 'चंद्रघट' प्रसिद्ध आहे. दोन अर्धगोल वाडगे तोंडाला तोंड लावून तो जोडीत. त्यामुळे तो कधीच अगदी वाटोळा नसे आणि पोटावर सांध्याची पुसट रेघ राहून जाई.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी जपानी सत्ताधाऱ्यांत व व्यापाऱ्यांत सेलाडॉनची मागणी एकाएकी वाढली. गोर्योच्या जुन्या राजधानीच्या, म्हणजे आजच्या केसोंगच्या परिसरातील थडगी रातोरात उकरली जाऊ लागली. मृतांच्या सोबतीला ठेवलेली भांडी दुकानांत आली व तेथून समुद्रापार गेली. भांड्याबरोबर ते कोणाच्या थडग्यात, कशाशेजारी होते ही माहितीही असायला हवी होती. ती कायमची नष्ट झाली. हौसेची ही काळी बाजू ध्यानात ठेवूनच पुढील दोन व्यक्तींकडे पाहिले पाहिजे.

यानागी सोएत्सु : साध्या वस्तूंचा शोध

यानागी सोएत्सु (१८८९ ते १९६१) हे तोकियोतील सुशिक्षित तरुण. पाश्चात्त्य कला व तत्त्वज्ञान यांचा त्यांचा व्यासंग होता. त्यांच्या मंडळींकडे रोदँ या फ्रेंच शिल्पकाराने पाठविलेल्या काही मूर्ती होत्या. १९१४ मध्ये त्या पाहण्यासाठी सेऊलमध्ये शिक्षक असलेले आसाकावा नोरिताका त्यांच्याकडे आले. येताना भेट म्हणून त्यांनी जोसोन काळातील एक लहान पैलूदार भांडे आणले. पांढऱ्या अंगावर निळ्या रंगात गवताची काही पाती, एवढीच त्यावरची नक्षी. मूर्ती पाहायला आलेल्या पाहुण्याच्या हातातील या भांड्याने यजमानाच्या आयुष्याची दिशा पालटली. १९१६ पासून यानागी वारंवार कोरियात जाऊ लागले.

तेथे त्यांना नोरिताका यांचे धाकटे बंधू ताकुमी भेटले. ताकुमी हे वनखात्यातील साधे नोकर. ते कोरियन भाषा शिकले, कोरियन वेष करू लागले आणि जेवणाच्या बुटक्या चौरंगांपासून घरगुती भांड्यांपर्यंतच्या वस्तूंचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. १९३१ मध्ये अवघ्या चाळिशीत ते वारले व त्यांना कोरियाच्या मातीतच पुरण्यात आले.

१९१९ च्या मार्चमध्ये कोरियन जनता स्वातंत्र्यासाठी रस्त्यावर आली व जपानी राजवटीने ती चळवळ निर्दयपणे दडपली. तेव्हा यानागी यांनी जपानी वृत्तपत्रात कोरियन लोकांच्या बाजूने लेख लिहिला. १९२२ मध्ये सेऊलच्या राजवाड्याचे क्वांगह्वामुन हे महाद्वार पाडण्याचे घाटत असताना त्यांनी त्याविरुद्धही लिहिले. द्वार पाडले गेले नाही, दुसरीकडे हलविले गेले. १९२४ मध्ये आसाकावा बंधूंच्या साहाय्याने त्यांनी सेऊलमध्येच, राजवाड्याच्या आवारात, कोरियन लोककलेचे संग्रहालय उघडले. त्यासाठी त्यांच्या गायिका पत्नी कानेको यांनी गाण्याचे कार्यक्रम करून पैसा उभा केला. या संग्रहालयासाठी जमविलेल्या वस्तू कोरियातच राहिल्या आणि स्वातंत्र्यानंतर तेथील राष्ट्रीय संग्रहालयाकडे आल्या.

याच अनुभवातून १९२५ मध्ये 'मिंगेई' हा शब्द घडविला गेला. सामान्य लोकांनी सामान्य लोकांसाठी केलेल्या वस्तूंची कला, असा त्याचा आशय. अनामिक कारागिराने, रोजच्या वापरासाठी, स्वस्तात व मोठ्या संख्येने केलेल्या वस्तूत एक निरोगी सौंदर्य असते, हे यानागी यांचे प्रतिपादन. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील दिवे व अडकित्ते आठवले म्हणजे मराठी वाचकाला हे म्हणणे सहज पटावे. १९३६ मध्ये तोकियोत त्यांनी स्थापिलेले जपान लोककला संग्रहालय आजही चालू आहे.

त्यांचे आवडते उदाहरण म्हणजे 'किझाएमोन इदो' हा चहाचा वाडगा. सोळाव्या शतकात तो कोरियात घडला. जपानी चहाविधीच्या रसिकांनी त्याला डोक्यावर घेतले आणि क्योतोच्या दायतोकुजी मठाच्या आवारातील एका उपमठात तो एकात एक बसणाऱ्या पेट्यांत जपून ठेवला गेला. आज तो जपानची राष्ट्रीय ठेव आहे. १९३१ मध्ये तो हाती आल्यावर यानागी यांना आनंद झाला तो त्याच्या साधेपणाचा. त्यांच्या मते हा एका गरीब कुंभाराने केलेला रोजच्या जेवणाचा वाडगा होता. काही अभ्यासक हे मान्य करीत नाहीत. असे वाडगे धार्मिक विधीसाठी असावेत असेही मत आहे. परंतु वाडग्याचा मूळ उपयोग काय होता हेच वादाचे व्हावे, यातच संग्रहाचा धोका दिसून येतो. वस्तू टिकते, तिची हकीकत गळून पडते.

दृष्टीची मर्यादा

यानागी यांच्या विचारावर कोरियन टीकाकारांनी घेतलेला आक्षेप महत्त्वाचा आहे. आपल्या आरंभीच्या लेखनात त्यांनी कोरियन कलेला 'दुःखाचे सौंदर्य' म्हटले होते. पांढरा रंग व लांब नाजूक रेषा यांत त्यांना आक्रमणांनी पिचलेल्या जमातीचा शोक दिसला. टीकाकार विचारतात, पांढरा रंग शोकाचाच कशावरून? कोरियन लोकचित्रांतील मिस्किल वाघ आणि खेड्यापाड्यांतील मुखवट्यांची नाटके यांतील हास्य मग कोठे गेले? राज्यकर्त्या देशाचा माणूस कितीही सहृदय असला, तरी जित देशाकडे तो करुणेने पाहतो, आणि करुणेतही वरून पाहणे असतेच. हा आक्षेप रास्त वाटतो. तथापि दक्षिण कोरियाच्या सरकारने १९८४ मध्ये यानागी यांना मरणोत्तर सांस्कृतिक सन्मान दिला, हेही नोंदविले पाहिजे. टीका व कृतज्ञता या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

कानसोंग : वारसा राखणारा वारसदार

दुसरे संग्राहक जन ह्यंग-पिल (१९०६ ते १९६२). 'कानसोंग' या नावाने ते ओळखले जातात. ऐन तारुण्यात त्यांच्या हाती वडिलोपार्जित प्रचंड संपत्ती आली. १९१९ च्या स्वातंत्र्यघोषणेवर सही करणाऱ्या ३३ जणांपैकी एक, विद्वान ओ से-चांग हे त्यांचे मार्गदर्शक. वस्तू देशाबाहेर जाऊ द्यायच्या नाहीत, हा कानसोंग यांच्या संग्रहाचा एकमेव नियम होता असे म्हणता येईल.

१९३५ मध्ये ढगांतून विहरणाऱ्या करकोच्यांची नक्षी असलेली सेलाडॉनची सुरई त्यांनी एका जपानी व्यापाऱ्याकडून २०,००० वोन देऊन घेतली. १९३६ च्या लिलावात जोसोन काळातील पांढरी सुरई १४,५८० वोनला घेताना त्यांची चढाओढ एका बलाढ्य जपानी व्यापारी पेढीशी होती. ही सुरई पूर्वी एका गरीब म्हातारीने तेल ठेवायला वापरली होती, असे सांगतात. १९३७ मध्ये तोकियोत राहणाऱ्या गॅड्सबी या इंग्रज वकिलाकडील २० सेलाडॉन वस्तू विकत घेऊन त्यांनी मायदेशी आणल्या. १९३८ मध्ये या संग्रहासाठी सेऊलमध्ये त्यांनी स्वतंत्र इमारत बांधली.

त्यांची सर्वांत मोठी मिळकत मात्र एक पुस्तक आहे. राजा सेजोंग याने घडविलेल्या कोरियन लिपीचे स्पष्टीकरण करणारा १४४६ चा मूळ ग्रंथ १९४० मध्ये उजेडात आला. विकणाऱ्याने १,००० वोन मागितले. कानसोंग यांनी १०,००० दिले. त्या वेळी कोरियन शाळांतून कोरियन भाषाच हद्दपार केली जात होती. असा ग्रंथ जवळ असल्याचे उघड होणे धोक्याचे होते. म्हणून स्वातंत्र्य मिळेपर्यंत त्यांनी तो लपवून ठेवला. १९९७ मध्ये युनेस्कोने त्याची जागतिक स्मृतिठेव म्हणून नोंद केली.

उपसंहार

दोघांची तुलना केली असता काय हाती लागते? यानागी यांनी दुर्लक्षित वस्तूंकडे पाहण्याची दृष्टी दिली. कानसोंग यांनी मोलाच्या वस्तूंना घर दिले. पहिल्याच्या दृष्टीत राज्यकर्त्याची छाया होती. दुसऱ्याच्या कार्याला अफाट पैशाचे पाठबळ लागले, आणि असे पाठबळ कायम राहत नाही. २०२० मध्ये आर्थिक अडचणीमुळे कानसोंग यांच्या वारसांना दोन बौद्ध मूर्ती लिलावात काढाव्या लागल्या. तेथे बोली न आल्याने अखेर राष्ट्रीय संग्रहालयाने त्या घेतल्या. २०२१ मध्ये सॅमसंग समूहाचे दिवंगत अध्यक्ष ली कुन-ही यांच्या संग्रहातील सुमारे २३,००० वस्तू त्यांच्या कुटुंबीयांनी राष्ट्राला दिल्या. एकाच देशात, अवघ्या काही महिन्यांच्या अंतराने घडलेल्या या दोन घटना पाहिल्या म्हणजे खासगी संग्रहाचे भवितव्य किती अनिश्चित असते हे ध्यानात येते.

आपल्यापैकी फार थोड्यांना चिनी मातीची जुनी सुरई विकत घेता येईल. परंतु आजीच्या फडताळातील चिनी बरणी किंवा बाजारातला नवा जपानी पेला हाती घेताना ती कोणी घडवली, कोठून आली व आपल्यानंतर कोठे जाईल, ही चौकशी कोणालाही करता येते. ती लिहून ठेवायला एक वही पुरते. केसोंगच्या थडग्यांतून उकरलेल्या भांड्यांना तेवढी वहीसुद्धा लाभली नाही. म्हणून ज्याला संग्रह करावयाचा असेल, त्याने पहिली वस्तू घेण्याआधी वही घ्यावी.